शेजारधर्म आणि रुग्णसेवा : भाचीस पत्र

चि. भाचीस,



नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून भाची आता सरकारी रुग्णालयात रुजू होणार, ही बातमी आल्यापासून घरातील वडीलधाऱ्यांना झालेल्या आनंदात थोडी काळजीही मिसळलेली आहे. ही काळजी कष्टांची नाही, कारण रात्रपाळ्या, जागरण आणि उभ्याने काढलेले तास यांची सवय तिला शिकतानाच झालेली आहे. काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलीला रविवारची उपासना, संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आणि नाताळची गाणी अंगवळणी पडलेली असतात. परंतु जेथे खाटा कमी आणि रुग्ण जास्त असतात, जेथे एकाची सलाइन संपत आलेली असताना दुसऱ्याचा नातेवाईक केसपेपर घेऊन भांडायला उभा असतो, तेथे या विश्वासाचे नेमके काय करायचे, हे तिला सहसा कोणी सांगितलेले नसते. मामाने हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच.

ख्रिस्ती शिकवणीत विश्वास म्हणजे काही मतांना दिलेली संमती एवढाच अर्थ नाही. देवाने माणसावर त्याची लायकी न पाहता प्रेम केले, या लायकीबाहेरच्या देण्याला ‘कृपा’ म्हणतात, आणि त्या कृपेवर भिस्त ठेवून जगणे म्हणजे विश्वास. या भिस्तीची परीक्षा कोठे होते, याविषयी योहानाच्या पहिल्या पत्राने कसलीच पळवाट ठेवलेली नाही : डोळ्यांना दिसणाऱ्या भावाचा द्वेष करून न दिसणाऱ्या देवावर प्रेम असल्याचे सांगणारा माणूस लबाड आहे, असा त्या पत्राचा स्पष्ट निवाडा आहे. तेव्हा देवावरचे प्रेम मोजायचे माप देवळात नसून समोर आलेल्या माणसापाशी असते. येथवर बहुतेक सर्व ख्रिस्ती माणसे सहमत असतात. घोटाळा होतो तो पुढे, कारण प्रेम म्हणजे देणे असे समीकरण मनात पक्के बसलेले असते, आणि देणारा माणूस नकळत घेणाऱ्यापेक्षा एक पायरी वर जाऊन उभा राहतो. रुग्णसेवेत तर हा धोका अधिक आहे. तेथे एक जण आडवा असतो आणि दुसरा उभा. म्हणून या पत्रात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाणार आहे : समोरच्या माणसाच्या बरोबरीने उभे राहता आले आणि प्रसंगी त्याच्या हातून काही घेता आले, तरच त्याला दिलेले प्रेम या नावाला पात्र ठरते.

याचा सर्वांत स्वच्छ दाखला योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. येशू यहूदीयातून गालीलाकडे जाताना शोमरोन प्रांतातून जातो आणि भर दुपारी, चालून थकलेला असा, याकोबाच्या विहिरीपाशी बसतो. शोमरोनी लोक मोशेची पाच पुस्तके मानणारे, परंतु यरुशलेमऐवजी गरिज्जीम डोंगरावर उपासना करणारे. त्यामुळे यहूदी आणि शोमरोनी यांच्यात कित्येक पिढ्यांचे वैर होते आणि भांड्याला भांडे लागू न देण्यापर्यंत त्याची मजल गेलेली होती. अशा विहिरीवर एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते, आणि येशू तिला प्यायला पाणी मागतो. पुढे तो तिला जिवंत पाण्याविषयी सांगतो, तिच्या आयुष्याविषयी बोलतो, उपासनेच्या जागेविषयीचा तिचा प्रश्नही टाळत नाही. परंतु हे सारे नंतर येते. आधी तो तिच्यापुढे गरजू म्हणून उभा राहतो. त्याच्याजवळ पोहरा नाही, विहीर खोल आहे आणि पाणी हवे असेल तर ते तिच्याच भांड्यातून घ्यावे लागणार आहे. ज्याला उपदेश करायचा असतो तो बहुधा आपण भरलेले आहोत असे दाखवत येतो. येथे गुरू तहानेने सुरुवात करतो, आणि त्या स्त्रीला प्रथम आश्चर्य वाटते ते त्याच्या ज्ञानाचे नव्हे, तर आपल्या हातचे पाणी तो पिणार याचे.

महाराष्ट्रातील वाचकाला या प्रसंगाचा अर्थ कळण्यासाठी टीपेची गरज पडत नाही. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी पाणी प्यायले, तेव्हा वाद तहानेचा नव्हता, माणूस म्हणून बरोबरीचा होता. मराठी ख्रिस्ती समाजालाही हा वाद बाहेरून पाहता आलेला नाही. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याच्या संस्काराने ख्रिस्ती मंडळीत प्रवेश केला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या; पुढे त्या पतीकडे आल्या तरी सोवळे-ओवळे लगेच सुटले नाही. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना दिसते ते हेच की, ही भिंत वादविवादाने पडली नाही, तर स्वतःशी केलेल्या दीर्घ झगड्यातून, दुसऱ्याच्या हातचे खाण्यापिण्याच्या अगदी साध्या कृतींतून ती झिजत गेली, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. याची दुसरी बाजूही भाचीला ठाऊक असावी. बाप्तिस्मा झाल्याने जात आपोआप सुटते असे नाही. सोयरिकी जुळवताना, आणि काही ठिकाणी बसण्या-उठण्यातही, ती मंडळीत शिल्लक राहिलेली आहे. तेव्हा या बाबतीत इतरांना शिकवण्याचा अधिकार जन्माने मिळालेला आहे, असे कोणाही ख्रिस्ती घराने समजू नये.

आता हे वॉर्डात कसे दिसते, ते पाहावे. प्रत्येक सरकारी वॉर्डात एक मावशी आणि एक मामा असतात. साफसफाई करणारी, बेडपॅन देणारी स्त्री ती मावशी आणि स्ट्रेचर ओढणारा तो मामा. नाती सांगणारी ही हाक गोड असली, तरी तिच्या आड बरेच काही लपते, कारण ज्यांना मावशी म्हटले जाते त्यांचे नाव अनेकांना ठाऊकही नसते. रात्री दोनच्या सुमारास, वॉर्ड थोडा शांत झाला की मावशी चहा टाकते. सिस्टरांचे कप कपाटात वेगळे ठेवलेले असतात. मावशी स्वतः स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन दाराजवळच्या पायरीवर बसते. ही मांडणी कोणी लिहून ठेवलेली नसते, तिच्याबद्दल कोणी भांडतही नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे चालते. भाचीने या मांडणीवर भाषण करू नये. तिने मावशीचे नाव विचारावे, टेबलाशेजारी दुसरी खुर्ची ओढून तिला बसायला सांगावे, आणि कपाटातला कप न काढता तिच्याच पेल्यांपैकी एकात चहा घ्यावा. पहिल्या रात्री मावशी संकोचेल, कदाचित बसणारही नाही, आठवड्याने बसेल. शोमरोनी विहिरीचा धडा याहून मोठ्या शब्दांत गिरवण्याची गरज नाही.

बरोबरीची दुसरी कसोटी संबोधनाची आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक उपासना-सभा रंगवलेली आहे : सोन्याची अंगठी आणि उंची वस्त्रे घातलेला माणूस आत येतो तेव्हा त्याला मानाची जागा दाखवली जाते, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभे राहायला किंवा पायांशी बसायला सांगितले जाते, असा पंक्तिभेद करणारे लोक दुष्ट मनाचे न्यायाधीश झाले आहेत, असे तो लेखक म्हणतो. रुग्णालयाच्या खिडकीवर हाच पंक्तिभेद जिभेवर येतो. चारचाकीतून उतरलेल्या नातेवाइकाला ‘साहेब, आपण जरा थांबा’ असे म्हटले जाते, आणि आडगावाहून एसटीने आलेल्या, कापडी पिशवीत भाकरी बांधून आणलेल्या बाईला ‘ए बाई, बाहेर हो’ असे ऐकवले जाते. नियम दोघांना एकच असतो, परंतु एकाला तो विनंती म्हणून कळतो आणि दुसरीला अपमान म्हणून. मराठीने तू, तुम्ही आणि आपण असे तीन दर्जे हाताशी दिलेले असल्यामुळे माणसाची किंमत एका क्रियापदात ठरून जाते. भाचीने वयाने वडील असलेल्या प्रत्येक रुग्णाला ‘तुम्ही’ म्हणावे, मग तो बेवारस म्हणून पोलिसांनी आणून टाकलेला का असेना. ज्याला आपले नावही सांगता येत नाही, त्याच्याशी बोलताना वापरलेले अनेकवचन ऐकायला दुसरे कोणी नसते, आणि बक्षिसाची आशा नसलेली कृती कशी असते ते तेथेच कळते.

या ठिकाणी एक शंका निघेल. एकेका माणसाला इतके जपायचे म्हटले, तर बाकीच्यांचे कोणी पाहायचे? ही शंका आळसातून आलेली नसते, ती कामातून येते, आणि तिचे उत्तर चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तातच आहे. लूकच्या शुभवर्तमानातील या कथेत वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातील सेवेकरी, ओलांडून जातात. शोमरोनी प्रवासी थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधतो, आपल्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेतो. व्याख्यानांतून कथा बहुधा येथेच संपते. मूळ कथा मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी तो प्रवासी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, काळजी घ्यायला सांगतो, अधिक खर्च आला तर परतताना भरून देण्याचा शब्द देतो आणि आपल्या वाटेने जातो. दीनार म्हणजे त्या काळातील मजुराचा एका दिवसाचा रोज, हे ध्यानात घेतले तर रक्कम हिशेबाने दिलेली आहे हे कळते. तो जखमी माणसापाशी कायमचा बसून राहत नाही, आणि त्याला वाऱ्यावर सोडूनही देत नाही. ज्याचे ते काम आहे त्याच्या हाती नीट सोपवतो आणि पुन्हा चौकशीला येतो. रुग्णालयाच्या बोलीत याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात. पाळी संपताना सात नंबरच्या खाटेवरील म्हाताऱ्याने दुपारपासून लघवी केलेली नाही, हे पुढच्या सिस्टरला स्पष्ट सांगणे आणि लिहून ठेवणे, ही त्या म्हाताऱ्यावरची प्रीतीच आहे. त्याच्या उशाशी बसून मायेने बोलणे आणि नोंद मात्र विसरणे, ही नाही. प्रेम आणि शिस्त यांत विरोध मानणारे लोक बहुधा स्वतःच्या भावनेच्या प्रेमात असतात.

शिस्तीबरोबर सत्यही येते. औषध देताना एखादी चूक घडली, स्वतःकडून असो वा सहकाऱ्याकडून, तर ती लपवण्याला सांभाळून घेणे हे सोज्ज्वळ नाव दिले जाते. ज्या रुग्णाच्या शरीरात ती चूक गेलेली असते, त्याला या सांभाळून घेण्यात कोठेच जागा नसते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भावाने अपराध केल्यास काय करावे याचा क्रम दिलेला आहे : प्रथम एकट्याने जाऊन त्याला सांगावे, त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्यावे, आणि तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवावे. सहकाऱ्याच्या वागण्याबाबत हा क्रम उत्तम आहे, कारण नर्सिंग स्टेशनवरच्या कुजबुजीत तो नेमका उलटा चालतो. सर्वांना आधी कळते आणि संबंधित व्यक्तीला शेवटी. मात्र रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा पहिल्या पायरीवर वेळ न घालवता डॉक्टरांना त्याच क्षणी सांगितलेच पाहिजे. क्षमा करणे याचा अर्थ घडलेले घडले नाही असे म्हणणे नव्हे. घडलेले मान्य करून त्याचा सूड मनात न साठवणे, म्हणजे क्षमा. ड्युटीच्या तक्त्यावरून एखाद्या सिस्टरशी अबोला धरलेला असेल, तर येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितलेला क्रम भाचीने आठवावा : वेदीपाशी आणलेले अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जावे आणि मग येऊन अर्पण वाहावे. रविवारी उपासनेला जाण्याआधी शनिवारी केलेला एक फोन या आज्ञेत बसतो.

आता एक नाजूक विषय. भाची ख्रिस्ती आहे हे वॉर्डात सर्वांना कळेल, आणि कोणी कौतुकाने तर कोणी संशयाने तिच्याकडे पाहील. मिरजेत १८९४ मध्ये सुरू झालेल्या विल्यम वॉनलेस यांच्या रुग्णालयापासून अनेक मिशन रुग्णालयांनी या प्रदेशात केलेली सेवा लोकांच्या स्मरणात आहे, आणि परक्याच्या मलमूत्राला हात लावणे विटाळाचे मानले जात होते त्या काळात हे काम पत्करणाऱ्यांत ख्रिस्ती मुली मोठ्या संख्येने होत्या, हेही खरे आहे. परंतु या वारशाबरोबर संशयाचाही इतिहास आला आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई यांनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे मान्य केलेल्या या संस्थेतील काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्या तेव्हा १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणावर सक्ती केली नाही, केवळ आपली प्रार्थना लपवली नाही. यात कोणाचे किती बरोबर, हा निवाडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : आश्रयाला आलेला माणूस पूर्ण मोकळा नसतो, म्हणून त्याच्या मोकळेपणाची राखण आश्रय देणाऱ्याने दुपटीने करावी लागते. रुग्ण तर सर्वांत परावलंबी. त्याने मागितली तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी. न मागता त्याच्या उशाशी बायबल ठेवू नये. त्याला कुराणातील आयत ऐकायची असेल किंवा विठ्ठलाची तसबीर समोर हवी असेल, तर तिची सोय करून देणे यात विश्वासाला बाध येत नाही. ज्या सेवेच्या पोटात दुसरा हेतू असतो, ती सेवा राहत नाही, आमिष होते.

याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणून केडगावला मुक्ती सदन उभे केले, पुढे अंधांसाठी आणि वृद्धांसाठीही तेथे सोय झाली. हे स्मरण येथे एवढ्यासाठी की, त्या मुलींना केवळ अन्न देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. त्यांना विणकाम, छपाई, शेती असे उद्योग शिकवले गेले, आणि ज्यांना आणले होते त्यांच्याच हातांवर संस्था चालू लागली. घेणाऱ्याला देणारा होऊ देणे, हा प्रेमाचा पुढचा टप्पा आहे. बऱ्या होत आलेल्या रुग्णाने शेजारच्या खाटेवरील म्हाताऱ्याला पाणी पाजले, तर भाचीने ‘राहू द्या, मी आहे’ असे म्हणून त्याचा हात अडवू नये.

थकव्याविषयी दोन शब्द. प्रेम करणाऱ्याने थकू नये, अशी एक खोटी अपेक्षा धार्मिक घरांतून मुलींवर लादली जाते. मार्कच्या शुभवर्तमानात, लोकांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही, अशा वेळी येशू शिष्यांना एकांतात जाऊन विसावा घ्यायला सांगतो, आणि विहिरीपाशी तो स्वतः थकून बसला होता हे वर आलेच आहे. सलग तीन रात्रपाळ्या करून आलेल्या मुलीने घरी येऊन झोपावे. त्या दिवशी मंडळीच्या महिला सभेला गेली नाही तर देव हिशेब मांडत बसणार नाही. चीड आली तर ती आली आहे हे ओळखावे आणि दोन मिनिटे गॅलरीत उभे राहून परत यावे, कारण न ओळखलेली चीड सर्वांत दुबळ्या रुग्णावर निघते.

शेवटी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायदिनाच्या चित्राकडे पाहावे. भुकेल्याला अन्न दिले, आजाऱ्याचा समाचार घेतला, म्हणून राजा ज्यांना आशीर्वादित म्हणतो त्या नीतिमानांना आश्चर्य वाटते. आम्ही तुला कधी पाहिले, असे ते विचारतात. त्यांनी कृत्ये केली होती, परंतु त्यांचा जमाखर्च ठेवला नव्हता, आणि समोर राजा आहे म्हणून तर मुळीच केली नव्हती. ‘रुग्णात ख्रिस्त पाहावा’ हे वाक्य फार ऐकायला मिळते, पण त्याचा अर्थ समोरच्या म्हाताऱ्याला पारदर्शक करून त्याच्या पलीकडे पाहणे असा झाला, तर तो म्हातारा पुन्हा एकटाच राहतो. त्याला तोच म्हणून पाहावे, त्याचे नाव, त्याचे गाव, त्याची न संपणारी तक्रार यांसह. बाकीचे ज्याचे त्याच्याकडे सोपवावे.

तेव्हा भाचीने पहिल्या महिन्यात फार मोठे संकल्प करू नयेत. वॉर्डातील मावशीचे, मामाचे आणि सफाई कामगाराचे नाव पाठ करावे आणि त्याच नावाने हाक मारावी. ओव्हर देताना घाई असली तरी ज्याला बोलता येत नाही त्या रुग्णाची नोंद सर्वांत आधी सांगावी. चुकीची जबाबदारी टाळू नये आणि दुसऱ्याच्या चुकीची वाच्यता करण्याआधी त्याला गाठावे. कोणी काही प्रेमाने देऊ केले, मग तो डब्यातला भाकरीचा तुकडा असो, तर पोट भरलेले असले तरी घासभर घ्यावा. पगार झाल्यावर पहिली रक्कम आईच्या हाती द्यावी, दशमांशाचा, म्हणजे देवाला अर्पण करायच्या दहाव्या हिश्श्याचा, विचार त्यानंतर करावा. आईबापांची सोय टाळून देवाला अर्पण वाहणाऱ्यांना येशूने दिलेला बोल मार्कच्या सातव्या अध्यायात भाचीला सापडेल.

प्रकृतीला जपावे. मामीचा आणि घरातील सर्वांचा सलाम. कळावे, हे आशीर्वाद.

मामाकडून